आधी एक्स-रे, मग नाव

गेल्या ऑक्टोबरच्या अंकात एका वाचकाने पाठवलेले छायाचित्र आम्ही छापले होते. समुद्रातून वर आलेला, शिंपले आणि कालवे चिकटलेला मीटरभर लांबीचा लोखंडी गोळा, आणि शेजारी सुटी पडलेली एक गोल तबकडी. खाली ओळ दिली होती : 'लुईस मशीनगन, पहिले महायुद्ध'. पंधरा दिवसांत सैन्यातून निवृत्त झालेल्या एका आर्मररचे पोस्टकार्ड आले. तबकडी उलटी पडली आहे आणि तिचे बूड बंद आहे, एवढेच त्यांनी लिहिले होते. भिंग घेऊन पाहिले. खरोखरच बंद होते.

लुईसची तबकडी खालून उघडी असते. ती उलटी केली की गोळ्यांची टोके मध्याकडे करून गोलाकार मांडलेली काडतुसे दिसतात. तिच्यात स्वतःची स्प्रिंग नसते. गोळी सुटते तसा बोल्टच तिला फिरवतो. 'व्हिकर्स के'ची तबकडी मात्र बंद डब्यासारखी. ती जागची हलत नाही, आतली स्प्रिंग काडतुसे पुढे ढकलते. ही 'के' 1930 च्या दशकातली, ब्रिटिश विमानांतल्या तोफचींसाठी केलेली, आणि तिचे मूळ व्हिकर्स-बर्थिए या हलक्या मशीनगनमध्ये. तीच व्हिकर्स-बर्थिए भारतीय सैन्याने 1933 मध्ये स्वीकारली आणि इच्छापूरच्या कारखान्यात बनवली. म्हणजे आमची चूक फक्त बनावटीची नव्हती, आख्ख्या एका महायुद्धाची होती.

चूक झाली कशी? तबकडी दिसली, .303 चे काडतूस असल्याचे पत्रात लिहिले होते, दोन्ही जुळले आणि आम्ही नाव देऊन मोकळे झालो. आपल्या क्षेत्रात हे रोज घडते. वस्तू टेबलावर आली की नोंदवहीतला 'नाव' हा रकाना रिकामा ठेवणे जिवावर येते.

काडतूस तर फार फसवे. ब्रिटिशांचे .303, म्हणजे 7.7 मिलिमीटरचे कडवाले काडतूस जपानी नौदलही वापरत होते आणि इटालियन विमानांतल्या 7.7 च्या ब्रेडा-साफाट गनही. जपानी भूदलाचे 7.7 वेगळे, त्याची पुंगळी 58 मिलिमीटरची, ब्रिटिश पुंगळी 56 ची. गंजाच्या पुटावर व्हर्नियर लावून हे दोन मिलिमीटर पकडू, असे कोणी म्हणत असेल तर त्याने करून दाखवावे. जपानी नावांचा घोळ आणखी निराळा. त्यांच्या शाही सनावळीच्या 2592 व्या, म्हणजे 1932 सालावरून भूदलाच्या एका जड मशीनगनला 'टाइप 92' म्हणत. ती हॉचकिस घराण्यातली, तीस काडतुसांच्या पट्टीवर चालणारी. नौदलाचीही 'टाइप 92' होती, आणि ती चक्क लुईसची नक्कल. नोंदवहीत नुसते 'टाइप 92' लिहिणाऱ्याने काहीच लिहिलेले नसते.

पुंगळीच्या बुडावरची छाप मात्र सोन्याच्या मोलाची. 'केएफ' दिसले तर ते काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्यातले. सोबत 1942 असेल, तर हत्यार 1942 च्या आधी पाण्यात गेलेले नाही, इतकेच सिद्ध होते. ते कोणी बनवले, कोणाच्या हातात होते, हे ती छाप सांगत नाही.

मग सांगते काय? आतले यंत्र. लुईसच्या पोटात चापाच्या पुढे एका गोल डब्यात गजराच्या घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिला जोडून दातेरी चाक, आणि नळीखालच्या दांड्यावर त्या चाकात बसणारे दाते. गंजाचे कवच कितीही जाड असो, बऱ्या एक्स-रेमध्ये ती वळी दिसते. दिसली की घराणे लुईसचे, हे पक्के. पण जपानी नौदलाची नक्कलही त्याच घराण्यातली. म्हणून देश ठरवायला छाप, ठसे आणि सापडलेली जागा लागतेच. घराणे आधी, देश नंतर, साल सगळ्यात शेवटी. आम्ही नेमके उलटे केले होते.

आणि म्हणूनच वायरब्रशची इतकी भीती वाटते. एका छोट्या संग्रहालयात आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे : रॉकेल, ब्रश, वर काळा ऑइलपेंट, आणि वस्तू 'चकाचक'. ब्रशने निघाले ते फक्त मळ नव्हते. मूळ पृष्ठभाग गंजाने खाल्ला तरी त्यावर ठोकलेला आकडा कवचाच्या आतल्या अंगाला उलटा उमटून राहतो, रबरी शिक्क्यावर असतो तसा. कवच कचऱ्यात गेले की आकडाही गेला.

पाण्यापाण्यातही फरक आहे. 30 नोव्हेंबर 1941 रोजी आयर्लंडमधल्या डोनेगलच्या दलदलीत पडलेले स्पिटफायर 2011 मध्ये उकरून काढले. तिथल्या पीटमध्ये प्राणवायू जवळजवळ नाही. त्यातल्या ब्राउनिंग गन इतक्या धड निघाल्या की आयरिश सैन्याच्या तज्ज्ञांनी साफसूफ करून एक गन त्याच वर्षी चालवून दाखवली. समुद्रातून आलेल्या लोखंडाकडून अशी आशा धरू नये. त्याच्या अंगात क्लोराइड मुरलेले असते. वाळू दिले की काही आठवड्यांत खवले सुटू लागतात. ते ओलेच ठेवायचे, अल्कलीच्या पाण्यात. पण थांबा, जमिनीवर वापरायच्या लुईसच्या जाड नळकांड्यात अ‍ॅल्युमिनियमचे पंख असतात. कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिनियमचे काय होते, हे घरी पातेली घासणाऱ्या कोणालाही विचारा. 2013 च्या जूनमध्ये इंग्लंडच्या गुडविन सँड्समधून वर काढलेले डॉर्नियर 17 हे जर्मन विमान मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणून कॉसफर्डच्या संग्रहालयात त्यावर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारत राहावे लागले. यंत्र ओळखल्याशिवाय द्रावणसुद्धा ठरत नाही, ते असे.

कायद्याचे दोन शब्द. पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्याला साधारणपणे शंभर वर्षे लागतात. दुसऱ्या महायुद्धातली गन अजून त्यात बसत नाही. 1959 चा शस्त्र कायदा मात्र मशीनगनला प्रतिबंधित शस्त्र मानतो. त्यातल्या कलम 45 मध्ये दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या, मोडक्या हत्याराला सूट आहे. पण 'चालणार नाही' हे आपण परस्पर ठरवायचे नाही. आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. कवचाआड नळीत जिवंत काडतूस असू शकते, तेव्हा बॉम्बशोधक पथकाने पाहिल्याखेरीज वस्तू एक्स-रेलाही नेऊ नका.

वाचकांना विनंती : पाण्यातून आलेले हत्यार हाती पडले तर ओले असतानाच, मोजपट्टी शेजारी ठेवून, सहाही बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि आम्हाला पाठवा. तबकडी सुटी असेल तर तिच्या दोन्ही बाजू हव्यात. नाव लिहू नका.

दुरुस्ती : ऑक्टोबरच्या अंकातील चित्राखालची ओळ 'बहुधा व्हिकर्स के, एक्स-रे बाकी' अशी वाचावी.