नाच बसवला कोणी, नाव छापलं कोणाचं?

कोरिओग्राफर हा शब्द आता आपल्याकडे गल्लीबोळात पोचलाय. लग्नाच्या संगीतला कोरिओग्राफर, शाळेच्या गॅदरिंगला कोरिओग्राफर. पण या शब्दाचा मूळ अर्थ नाच बसवणं असा नव्हताच, नाच लिहिणं असा होता. आणि ज्या पुस्तकामुळे तो चालू झाला, त्या पुस्तकामागे एक भांडण आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई नाचाचा वेडा. १६५३ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, दरबारी बॅलेत तो उगवता सूर्य होऊन नाचला. अशा राजाला वीसेक वर्षं नाच शिकवणारा माणूस म्हणजे प्येर बोशाँ. जन्म १६३१चा. ऑगस्ट १६६१ मध्ये अर्थमंत्री फुकेनं आपल्या नव्या महालात राजाला मेजवानी दिली, तिथे मोलिएरचं नवं नाटक झालं. त्यातले नाच बोशाँचे, बरंचसं संगीतही त्याचंच. चांगले नाचणारे मोजकेच होते आणि त्यांना कपडे बदलायला वेळ हवा होता, म्हणून नाच अंकांच्या मध्ये पेरले आणि नाटकाच्या कथेला जोडून घेतले. अडचणीतून जमलेला हा प्रकार इतका आवडला की पुढे मोलिएरनं तशी बरीच नाटकं केली. (फुकेला मात्र तीन आठवड्यांच्या आत अटक झाली. राजापेक्षा भारी मेजवानी देऊ नये!) नंतर ल्युलीच्या ऑपेरातले नाचही वर्षानुवर्षं बोशाँनंच बसवले. कबुतरांना दाणे टाकले की ती जशी पांगतात आणि गोळा होतात, त्यावरून आपल्याला रचना सुचतात, असं तो म्हणायचा अशी गोष्ट सांगतात.

आज मुंबईतल्या कुठल्याही बॅलेच्या क्लासला मूल गेलं की पहिल्यांदा पायांच्या पाच जागा शिकवतात. टाच टाचेला, मग दोन पायांत अंतर, अशा पाच. त्या ठरवून दिल्या बोशाँनं. पण हे आपल्याला कळतं कुठून? रामो नावाच्या दुसऱ्या नृत्यशिक्षकानं १७२५ मध्ये पुस्तकात तसं लिहून ठेवलं म्हणून. तोवर बोशाँला जाऊन वीस वर्षं झाली होती.

आता भांडण. नाच कागदावर उतरवायची काहीतरी पद्धत काढ, असं राजानंच त्याला सांगितलं होतं. त्यानं काढली. नाचणारा जमिनीवर ज्या वाटेनं जातो ती रेघ, रेघेवर डाव्या-उजव्या पावलांच्या खुणा, आणि संगीताच्या मात्रांप्रमाणे रेघेला आडवे छेद. कल्पना साधी आणि फार हुशारीची. पण बोशाँनं ती छापली नाही. १७०० साली राऊल फ्युईये या नृत्यशिक्षकानं याच धर्तीची पद्धत 'कोरेग्राफी' नावाच्या पुस्तकात छापली, राजाच्या परवान्यानिशी. पुस्तक युरोपभर गेलं, १७०६ मध्ये इंग्रजीत आलं. पॅरिसमधला नवा नाच कागदावरून लंडनमध्ये शिकता येऊ लागला. १७०४ मध्ये म्हाताऱ्या बोशाँनं राजाच्या परिषदेकडे दाद मागितली. त्याच्या बाजूनं इतर नृत्यशिक्षक साक्षीला उभे राहिले. तरी तो हरला आणि पुढच्याच वर्षी, १७०५ मध्ये गेला.

मला विचाराल तर फ्युईयेला नुसता चोर म्हणून मोकळं होता येत नाही. त्यानं छापलं म्हणून त्या काळातले शेकडो नाच आज वाचता येतात. ज्यानं युक्ती काढली त्या बोशाँच्या स्वतःच्या रचना मात्र जवळपास हातीच लागत नाहीत. दरबारात सगळे आपल्याला ओळखतात, एवढ्यावर तो बसून राहिला. ओळखणारी माणसं मेली की ओळखही जाते.

आपल्याकडे काय वेगळं आहे? लावणीच्या शेवटच्या ओळीत शाहीर आपलं नाव गुंफायचा, म्हणून होनाजी, रामजोशी, प्रभाकर आपल्याला ठाऊक आहेत. त्याच लावणीवरची अदा जिनं बसवली तिचं नाव कुठाय? सिनेमातसुद्धा नृत्यदिग्दर्शनाला फिल्मफेअर मिळायला १९८९ उजाडलं, तेही सरोज खान यांच्या 'एक दोन तीन'नं सगळ्यांना नाचवल्यावर. आणि आपला १९५७चा कॉपीराइट कायदा नृत्यरचनेला संरक्षण देतो, पण ती लिहून किंवा इतर कुठल्या रीतीनं पक्की करून ठेवलेली असेल तरच. नुसती अंगात असलेली रचना कायद्याला दिसत नाही. बोशाँचं दुखणं तीनशे वर्षांनंतरही तसंच.

म्हणून नाच बसवणाऱ्या पोरापोरींना सांगणं आहे. तालमीचं चित्रीकरण ठेवा, तारीख टाका, वहीत पावलं लिहा, कशाही खुणांनी. लाजू नका. आणि मंडळवाल्यांनो, संस्थावाल्यांनो, तुमच्या पत्रिकेवर प्रायोजक असतो, प्रमुख पाहुणे असतात, मंडपवाला आणि साउंडवाला असतो. ज्या मुलीनं महिनाभर रात्री दहापर्यंत चाळीस पोरांकडून नाच बसवून घेतला, तिला शेवटी नारळ आणि टाळ्या. यंदा पत्रिका छापायला टाकण्याआधी साउंडवाल्याच्या वर एक ओळ वाढवा : 'नृत्यरचना', आणि पुढे तिचं पूर्ण नाव. छापखानावाला एका ओळीचे जास्त पैसे घेत नाही.