ट्रान्सफर राहू द्या, हंगाम होणार का? आयएसएल का अडकली होती?

हंगाम संपला की फुटबॉल चाहत्यांच्या गप्पा ठरलेल्या असतात. कोण क्लब सोडणार, नवा कोच कोण? २०२५मध्ये मात्र भारतीय चाहते विचारत होते, पुढचा हंगाम होणार का?

नेमकं काय झालं?

महासंघ (एआयएफएफ) आणि तेव्हा आयएसएल चालवणारी एफएसडीएल यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ला संपणार होता. त्यातून महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये मिळत. लीग तेव्हा साधारण सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची, म्हणजे करार मध्येच संपला असता. महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात असल्यानं नवा करारही होईना. शेवटी ११ जुलैला एफएसडीएलनं हंगाम थांबवला.

फटका कुणाला?

बंगळुरू एफसीनं ऑगस्टमध्ये खेळाडू आणि स्टाफचे पगार थांबवले. सप्टेंबरमध्ये कोर्टाचा निकाल आला, पण नंतरच्या टेंडरला एकही बोली आली नाही. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ला छोटा हंगाम सुरू झाला.

पुढे काय?

मुंबई सिटी असो वा एफसी गोवा, लीगचाच भरवसा नसेल तर खेळाडूंशी दोन-तीन वर्षांचे करार कशाच्या जोरावर करणार? ट्रान्सफरच्या गप्पा रंगायलाही आधी लीगचा पक्का करार हवा.