घरगुती शास्त्र : पहिल्या बिअरची फजिती

इंग्लंडांत लीड्स शहरीं नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका तरुण वाचकाचें लांबलचक पत्र आम्हांस आलें आहे. गेल्या जानेवारींत त्यांनीं घरीं वीस लिटर बिअर करून पाहिली. शनिवारीं रात्रीं यीस्ट घातलें. सोमवारपर्यंत एक बुडबुडा दिसेना, म्हणून दुसरी पुडी घातली. मग बुडबुडे आले, आठव्या दिवशीं थांबले, आणि त्याच दिवशीं साखर घालून त्यांनीं चाळीस बाटल्या भरल्या व जिन्याखालच्या कपाटांत, ऊन पाण्याच्या नळापाशीं, ठेविल्या. तीन आठवड्यांनीं मध्यरात्रीं एकामागून एक तीन बाटल्या फुटल्या. कपाटाच्या दारांत कांचेचे तुकडे रुतले होते, आणि त्याच दारापाशीं दिवसा त्यांची चार वर्षांची मुलगी खेळत असते. त्यांच्या मातोश्री तेव्हां तेथेंच मुक्कामास होत्या. हें विष घरांत नको, असें त्यांचें म्हणणें. चूक कोठें झाली तेवढी सांगा, असें चिरंजिवांचें. निवाडा दोघांनीं आमच्यावर सोंपविला आहे.

हा विषय या पृष्ठांवर कांहीं वाचकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. मद्यपानाची तरफदारी आम्हांस करावयाची नाहीं. परंतु ज्यांचीं मुलें परदेशीं संसार करितात, त्या वडील मंडळींनीं त्यांच्या चुलीपाशीं काय चालतें तें समजूनच घेऊं नये, हें धोरण आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. ब्रिटनमध्यें स्वतःपुरती बिअर घरीं करण्यास १९६३ पासून परवाना लागत नाहीं. अमेरिकेंत १९७८ सालच्या केंद्रीय कायद्यानें तशी मुभा मिळाली. महाराष्ट्रांत मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां हें वाचून कोणी पुण्यांत हंडा चढवूं नये.

प्रथम मातोश्रींच्या शंकेविषयीं. ती निराधार आहे असें म्हणवत नाहीं. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. ज्यांनीं त्या बातम्या वाचल्या, त्यांस 'घरची दारू' हे शब्दच भयंकर वाटावे यांत नवल नाहीं. परंतु तेथें प्राण घेतले ते मिथेनॉलनें, आणि तें कारखानदारीच्या कामाचें रसायन दारू म्हणून विकलें गेलें होतें. सातूच्या आंबवणांत मिथेनॉल जवळजवळ होतच नाहीं. शिवाय आंबट रस, हॉप्सचा कडवटपणा आणि मद्यार्क या तिहींपुढें रोगजंतूंचा सहसा टिकाव लागत नाहीं. बिघडलेली बिअर वाईट लागेल, पण ती विष नव्हे. भट्टी लावून अर्क काढणें ही गोष्ट निराळी; ती परवान्यावांचून ब्रिटनमध्येंहि गुन्हाच आहे.

आतां चिरंजिवांचा प्रश्न. सातूस मोड आणून ते वाळविले व भाजले कीं माल्ट होतें. तें ६५ ते ६८ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत तासभर ठेविलें म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होते. नवशिके बहुधा हें काम टाळून माल्टचा तयार पाक डब्यांतून आणतात, व त्यांत आम्हांस कांहीं कमीपणा दिसत नाहीं. हा गोड रस हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळावयाचा, लवकर निववावयाचा आणि त्यांत यीस्ट घालावयाचें. पुढील काम माणसाचें नव्हे. बव्हेरियांतील १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानांत बिअरसाठीं सातू, हॉप्स व पाणी एवढ्याच वस्तु सांगितल्या आहेत; यीस्टचा उल्लेखहि नाहीं, कारण तें काय करितें हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालीं निघाला, आणि १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यांनीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट कारखान्यांत वापरावयास दिलें.

ज्या गृहिणीस विरजण कळतें, तिला यांतलें निम्मे शास्त्र आधींच येतें. कढत दुधांत विरजण घातलें तर तें मरतें. गार दुधांत घातलें तर सकाळीं दूधच राहतें. यीस्टचें तसेंच. चाळीस अंशांवर तें मरूं लागतें, आणि 'एल' जातीच्या बिअरचें यीस्ट १८ ते २२ अंशांत सुखानें राबतें. पत्रलेखकांची खोली रात्रीं १३ अंशांवर उतरत होती, असें ते स्वतःच लिहितात. थंडींत डोशाचें पीठ फुगलें नाहीं म्हणून त्यांच्या मातोश्रींनीं तें कधीं दुसऱ्या दिवशीं ओतून दिलें असेल काय? चांगलें यीस्टहि पहिला फेस आणण्यास बारा ते चोवीस तास घेतें. थंडींत तीन दिवसहि लागतात. त्यांतून डब्याचें झाकण किंचित् सैल असलें तर वायु तेथून निसटतो, आणि आंत काम जोरांत चाललें असतांहि नळींत बुडबुडा दिसत नाहीं. झाकणांतून डोकावून फेसाचें कडें दिसतें का तें पाहावें, डब्याभोंवतीं गोधडी गुंडाळावी आणि स्वस्थ बसावें. दुसरी पुडी घातल्यानें अपाय झाला नाहीं; गरजहि नव्हती. उलट टोंकास जाऊन डबा शेगडीजवळ ठेवणारेहि आहेत. एल बिअर २५ अंशांच्या वर आंबूं दिली, तर तिला उग्र, घशास झोंबणारी चव येते.

खरी चूक आठव्या दिवशीं झाली. बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपलें, हा समज चुकीचा. थंडीनें यीस्ट तळाशीं बसलें, काम अर्ध्यावर राहिलें, साखर रसांत तशीच राहिली. हें ओळखण्यास हैड्रोमीटर लागतो. पूर्वीं पुष्कळ घरीं गवळ्याचें पाणी पकडण्यासाठीं लॅक्टोमीटर असे, त्याचाच हा भाऊ. पाण्यांत तो १.००० दाखवितो, गोड रसांत सुमारें १.०४५, आंबवण पुरें झालें कीं बहुधा १.०१० च्या आसपास उतरतो, आणि तेव्हां बिअरमध्यें शेंकडा साडेचारच्या जवळपास मद्यार्क असतो. दोन दिवसांच्या अंतरानें घेतलेलीं दोन मापें तंतोतंत सारखीं आलीं, तरच बाटल्या भराव्या. आणि मापें सारखीं येऊनहि आंकडा १.०२० वरच अडला असेल, तर डबा उबेंत नेऊन, हळूच हलवून आणखी आठवडा थांबावें. पहिल्या वेळीं तर दोन आठवडे डब्यास हात लावूं नये, असें आमचें मत आहे. ही किंमत फार नाहीं; तें उपकरण तर एका जेवणाच्या खर्चांत येतें.

न मापतां भरलें तर काय होतें, त्याचा हिशेब पाहा. बाटली भरतांना लिटरमागें साडेसहा ग्रॅम, म्हणजे वीस लिटरांस सुमारें १३० ग्रॅम साखर घालितात. त्यामुळें बाटलींत लिटरमागें एकंदर पांच ग्रॅमच्या आसपास कार्बन डायॉक्साइड सांठतो व हवा तेवढा फेस येतो. बिअर १.०१० ऐवजीं १.०२० वर असतांना भरली, तर उरलेली साखर आणखी सुमारें दहा ग्रॅम वायु देते. म्हणजे बाटलीवर तिप्पट वायूचा भार. वर ती बाटली ऊन नळापाशीं ठेवावयाची, म्हणजे निजलेलें यीस्ट जागें होणार आणि वायूचा दाबहि चढणार. असें पाहतां तीनच बाटल्या फुटल्या हें नशीब.

उरलेल्या सदतीस बाटल्या वाचविण्याचा मोह मुळींच धरूं नये. मुलीस घराबाहेर पाठवावें. जाड हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि अंगांत जाड कोट घालून, खोकीं न हलवितां त्यांवर जाड कांबळें टाकावें, व तीं तशींच उघड्यावर थंडींत न्यावीं. एक दिवस गार झाल्यावर बाटलीभोंवतीं पंचा गुंडाळून, तोंड आपल्यापासून दूर धरून, टोपण हळूहळू सैल करावें आणि बिअर ओतून द्यावी. या बाबतींत आम्ही मातोश्रींच्या बाजूचे आहों. पुढच्या वेळीं निदान दोन बाटल्या प्लॅस्टिकच्या भराव्या. बोटानें दाबून आंतील वायूचा अंदाज घेतां येतो. कांचेच्या घ्यावयाच्या तर बिअरसाठींच केलेल्या जाड बाटल्या घ्याव्या, सरबताच्या नव्हेत.

चवीविषयींच्या तक्रारी थोडक्यांत उरकतों. हिरव्या सफरचंदाचा वास येत असेल, तर बिअर कच्ची आहे, थांबावें. लोण्याचा वास येत असेल, तर यीस्टवर उबेंत आणखी तीन दिवस ठेवावी. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव आली, तर भरतांना रस खळखळला व हवा मिसळली. पांढऱ्या किंवा हिरव्या बाटल्या उन्हांत ठेवल्यास हॉप्सवर प्रकाशाची क्रिया होऊन घाण वास येतो. वर पांढरी सुरकुतलेली साय धरली व रस आंबट झाला, तर भांडें नीट निर्जंतुक झालें नव्हतें. रस निवल्यावर त्यास जें जें लागणार, तें तें धुऊन मग जंतुनाशकांतून काढलें पाहिजे, नुसतें धुणें पुरत नाहीं.

पत्रांत शेवटीं 'जखमेच्या पट्टीसारखी चव' असा उल्लेख आहे. ती बहुधा नळाच्या पाण्यांतील क्लोरीनची करणी. नुसता क्लोरीन उकळल्यानें जातो. पण कित्येक ठिकाणीं पाण्यांत क्लोरामीन असतें, तें सहज जात नाहीं. वीस लिटर पाण्यांत मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी आधींच विरघळविली कीं दोहोंचाहि बंदोबस्त होतो.