खेळण्यांतील गाडीचें त्रैराशिक

शाळेंतून निवृत्त होऊन मला आतां पांच वर्षें झालीं. खडू हातांतून सुटला तरी शिकविण्याची खोड सुटत नाहीं, हें या सदराच्या वाचकांस सांगावयास नकोच. या खेपेचा पाठ मात्र मीं शिकविलेला नसून, शिकवितांना चुकून शिकलेला आहे, एवढा भेद वाचकांनीं ध्यानांत घ्यावा.

आमच्या घरीं लहानथोर मिळून अकरा माणसें. त्यांतील धाकटा नातू चिंतू आठव्या इयत्तेंत आहे. गेल्या दिवाळींत त्याच्या वडिलांनीं त्यास विजेवर चालणारी, रिमोटनें दुरून हांकतां येणारी गाडी घेऊन दिली. ती खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची आहे. प्रथम मीं नाक मुरडलें. पण चिंतूनें तिचें पोट उघडून दाखविलें, तेव्हां मला भास्कराचार्यांची लीलावती आठवली. इ. स. ११५० च्या सुमाराच्या त्या ग्रंथांत त्रैराशिक व व्यस्त त्रैराशिक सांगितलें आहे. त्यांचाच खेळ या गाडींत चालला होता.

प्रथम वेगाचें गणित पाहूं. मोटरीवर ३००० हा आंकडा होता. त्याचा अर्थ असा कीं, भार नसतां मोटर दर व्होल्टमागें मिनिटास ३००० फेरे घेते. बॅटरी दोन घटांची. प्रत्येक घट ३.७ व्होल्टचा, म्हणजे एकूण ७.४. गुणाकार केला तर मिनिटास २२,२०० फेरे होतात. परंतु हे सर्व फेरे चाकांपर्यंत पोंचत नाहींत. मोटरीच्या दांड्यावरील लहान दंतचक्रास पिनियन म्हणतात. त्यास २२ दांते. तें ज्या मोठ्या चक्रास फिरवितें त्यास ७० दांते. येथें व्यस्त प्रमाण लागतें: दांते अधिक, तर फेरे कमी. ७० भागिले २२ म्हणजे ३.१८. गाडीच्या आंत आणखी चक्रें असून त्यांचें प्रमाण २.६. दोहोंचा गुणाकार ८.२७; म्हणजे मोटरीचे ८.२७ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक होतो. यावरून चाकाचे फेरे मिनिटास २,६८४ येतात. चाकाचा व्यास ६४ मिलिमीटर. परिघ काढावयास भास्कराचार्यांनीं दोन गुणोत्तरें दिलीं आहेत, स्थूल २२/७ व सूक्ष्म ३९२७/१२५०. आपणांस स्थूल पुरेसें आहे. परिघ २०१ मिलिमीटर. तेव्हां गाडी मिनिटास सुमारें ५४० मीटर, म्हणजे तासास ३२ किलोमीटरांहून किंचित् अधिक जावी.

हें गणित चिंतूनें माझ्याजवळ बसून दहा मिनिटांत सोडविलें, आणि लगेच विचारिलें, “आजोबा, रविवारीं मैदानावर आमची शर्यत आहे. वेग वाढवावयाचा तर काय करावें?”

“अरे, व्यस्त प्रमाण तुला आतांच आलें ना? पिनियन मोठें कर.”

२२ च्या जागीं २७ दांत्यांचें पिनियन घातलें तर प्रमाण ६.७४ होतें, आणि वेग ताशीं सुमारें ४० किलोमीटर येतो. कागदावर उत्तर बिनचूक होतें. चिंतूनें खाऊच्या पैशांतून नवें पिनियन आणिलें. दोन चक्रांच्या दांत्यांमध्यें कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करावी व मग पट्टी काढून घ्यावी, म्हणजे दांत्यांत हवी तेवढी मोकळीक राहते, ही युक्ति त्यानेंच मला दाखविली.

रविवारीं सकाळीं मैदानावरचें गवत दंवानें ओलें होतें. गाडी सहा मिनिटें धांवली. मग करपल्याचा वास आला, धूर निघाला आणि गाडी जागच्या जागीं थांबली. मोटर जळाली होती.

रात्रीं पंगतींत चिरंजीवांनीं विचारिलें, “एवढें मोठें पिनियन घालावयास कोणीं सांगितलें होतें?”

चिंतूनें मान खालीं घातली व म्हणाला, “मीच घातलें, बाबा.”

माझा घास हातांतच राहिला. छत्तीस वर्षें मुलांस ‘खरें बोला’ म्हणून सांगणारा मी, आणि माझी चूक तेरा वर्षांचा पोर आपल्या अंगावर घेत होता. मी तत्काळ बोललों नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. वरणभात झाला, पोळी झाली, ताकभाताच्या वेळीं कोठें माझ्या तोंडून शब्द निघाले : “पिनियन मोठें कर, असें मीं सांगितलें होतें. त्यानें माझें ऐकलें, एवढेंच.” चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. सूनबाईंनीं चिंतूच्या पानांत दहीं वाढलें, आणि विषय तेथेंच थांबला.

माझ्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. चूक गुणाकार-भागाकारांत नव्हती. ‘भार नसतां’ हे आरंभींचे दोन शब्द मीं गाळले होते. फेऱ्यांचें प्रमाण बदलून वेग मिळतो, पण तो फुकट मिळत नाहीं; तितकाच अधिक जोर मोटरीस लावावा लागतो. जोर वाढला कीं मोटरींतील विजेचा प्रवाह वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट! त्यांत ओल्या गवताची ओढ निराळी. तारेवरील लेप करपला यांत नवल तें काय?

ही ओढ आधीं कळण्यास उपाय होता, व तो घरांतच होता. चार्जर बॅटरींत किती वीज भरली तें आंकड्यानें दाखवितो. जुन्या पिनियननें सोसायटीच्या सिमेंटवर दहा मिनिटें गाडी चालविली, तेव्हां चार्जरनें २,५०० मिलिअँपिअर-तास भरले होते. दहा मिनिटांस २,५००, तर साठ मिनिटांस १५,०००; म्हणजे सरासरी प्रवाह १५ अँपिअर. शर्यतीच्या सहा मिनिटांनंतर २,४०० भरले. म्हणजे २४ अँपिअर. कागदावरचा वेग पावपटीनेंही वाढला नव्हता, आणि खर्च दीडपटीहून अधिक झाला होता. शनिवारीं त्याच गवतावर दोन मिनिटें गाडी फिरवून चार्जरचा आंकडा पाहिला असता, तर मोटर वांचली असती.

याच रीतीनें गाडी किती वेळ चालेल तेंही सांगतां येतें. बॅटरी ५,००० ची. पण ती तळापर्यंत रिकामी करूं नये. पांचवा भाग राखून ४,००० धरावे. १५ अँपिअरनें १६ मिनिटें, २४ नें अवघीं १०.

ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं एवढें पाळावें. कागदावरच्या वेगांतून पांचवा हिस्सा आधींच वजा करावा. पिनियन एकेका दांत्यानेंच वाढवावें. दर वेळीं दोन-तीन मिनिटें चालवून मोटर किती तापली व चार्जरनें किती भरलें तें वहींत लिहावें. लिथियमच्या बॅटरीचा कोणताही घट ३ व्होल्टच्या खालीं जाऊं देऊं नये. ५,००० च्या बॅटरीस ५ अँपिअरहून अधिक प्रवाहानें चार्ज करूं नये, आणि चार्जिंग चालूं असतां तेथून उठून जाऊं नये. बॅटरी फुगली तर ती पुन्हां वापरूं नये, मग किंमत कितीही असो.

नव्या मोटरीचे पैसे मीं माझ्या पेन्शनींतून दिले. चिरंजीव नको म्हणत होते. मीं ऐकलें नाहीं. गाडीस सध्यां २३ दांत्यांचें पिनियन आहे. वहींतील आंकडे चिंतू लिहितो, आणि खालीं सही करावयास मला बोलावतो. सही करण्यापूर्वीं मी आतां एकदां मोटरीजवळ हात नेऊन पाहतों.