तापात कोणती गोळी चालेल, कोणती टाळावी?

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ताप आला, की मजुरी बुडू नये म्हणून दुकानात मिळेल ती गोळी घेतली जाते. विषाणूजन्य तापात पॅरासिटामॉल योग्य मात्रेत सुरक्षित आहे. प्रौढांनी 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. डेंग्यूची शंका असल्यास आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन टाळावे. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांना देण्यास 2011 पासून बंदी आहे. डेंग्यूत ताप उतरतानाच प्रकृती बिघडू शकते. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. आशा सेविकांच्या पेटीतील पॅरासिटामॉल ऐन पावसाळ्यात संपू न देणे ही मात्र आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे.