आधी ओळख, मग दया

माघ सरत आला की पुण्याच्या तळजाई टेकडीवर थंडी केवळ पहाटेपुरती उरते. बाकीचा दिवस वसंताच्या स्वाधीन झालेला असतो. पंचांगातील वसंत चैत्राची वाट पाहत असला, तरी झाडे तेवढा धीर धरीत नाहीत. पांगारा आणि काटेसावर अंगावरची पाने झटकून लाल फुलांनी लगडतात. पळस त्यांच्यामागून पेटतो. मार्केट यार्ड, बिबवेवाडी, सहकारनगर या भागांत राहणाऱ्या व्यापारी कुटुंबांना ही टेकडी अगदी हाकेच्या अंतरावर. पण अनेकांचा तिच्याशी संबंध फिरण्याच्या व्यायामापुरता. पावले मोजली जातात, झाडे पाहायची राहून जातात.

अशाच एका रविवारी सूर्योदयाच्या सुमारास पंचवीस-तीस जणांचा एक गट टेकडीच्या पायथ्याशी जमला होता. संघातील काही तरुणांनी कुटुंबांसाठी निसर्गफेरी ठरवली होती. अनेकांची नवकारशी असल्याने खाण्याचे डबे पिशवीतच होते. सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे पाहण्या-ऐकण्यातच घालवायची, असा सोयीचा बेत होता. गटात भुसार मालाचा व्यापार करणारे एक आजोबा होते आणि त्यांचे बोट धरून आलेली, सहावीत शिकणारी नात होती.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने फेरीचे नियम सांगितले. मोठ्याने बोलू नये. मळलेल्या वाटेवरूनच चालावे. पान, फूल तोडू नये. दगड उलटू नये. पाऊल टाकण्यापूर्वी समोरची जमीन पाहावी, कारण या दिवसांत मुंग्यांच्या रांगा वाट ओलांडत असतात. आजोबा हसून म्हणाले, "हे तर आमच्या महाराजसाहेबांचेच चालणे झाले." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. ईर्यासमिती म्हणजे तरी काय? सूर्यप्रकाशात, रुळलेल्या वाटेने, पुढची सुमारे चार हात जमीन निरखीत, जिवाला इजा न होईल असे चालणे. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, त्यामागेही पावसाळ्यात जमिनीवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवसृष्टीची जाण आहे. निसर्गफेरी हा शब्द नवा असेल. तिचे पहिले सूत्र मात्र या समाजाच्या घरातलेच आहे.

थोडे वर चढल्यावर कोठून तरी 'टुक्, टुक्, टुक्' असा एका लयीतला आवाज येऊ लागला. शिक्षिकेने बोट दाखवले. निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर चिमणीएवढा हिरवा पक्षी बसला होता. कपाळ लाल, गळा पिवळा. हा तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज, म्हणून हे नाव. कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ते नाव समजावून सांगावे लागत नाही.

नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकता ना? हा येतो का खायला?"

मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन ती मालदांडी आहे की नाही, हे क्षणात सांगणारे आजोबा या प्रश्नावर गप्प झाले. तीस वर्षे त्यांनी दाणे टाकण्यात खंड पडू दिला नव्हता. येणारे पक्षी कोणते, न येणारे कोणते, असा विचार मात्र कधी मनात आला नव्हता.

उत्तर शिक्षिकेने दिले. तांबट दाण्याला सहसा चोच लावत नाही. त्याचे पोट फळांवर, विशेषतः वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर चालते. कोकीळही मुख्यतः फळे खाणारा. शिंजीर फुलातला मध पितो, कोतवाल उडते कीटक टिपतो, दयाळ जमिनीवरचे किडे वेचतो. एवढेच काय, महाराष्ट्राचा राज्यपक्षी असलेला हरियाल हा कबुतराच्याच कुळातला. पण तोही फळांवरच जगतो. धान्य टाकले की मुख्यतः कबुतरे, चिमण्या, होले आणि पोपट येतात. शहरात तर बहुधा कबुतरेच. दान देणाऱ्याचा भाव सर्व जिवांसाठी असतो, प्रत्यक्षात ते दान त्यांतील मोजक्यांपर्यंतच पोहोचते. भाव शुद्ध असूनही हिशेब अपुरा राहतो, तो असा.

'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३चा अहवाल हेच मोठ्या पटावर दाखवतो. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा त्यात आढावा घेतला आहे. त्यांपैकी १७८ जातींच्या संरक्षणाला अग्रक्रम द्यावा, असे अहवाल सांगतो. त्याच देशात शहरी कबुतरांची संख्या मात्र वाढत गेली आहे. यात कबुतराचा दोष काही नाही. तोही पंचेंद्रिय जीवच. परंतु ज्याला आधीच पुरेसे मिळते त्यालाच आणखी द्यावे आणि ज्याचे घर मोडते आहे त्याची वार्ताही नसावी, हे व्यवहाराच्याही दृष्टीने बरे नव्हे.

या नोंदी सामान्य माणसांनी केलेल्या असतात. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस जगभर पक्षीगणना होते. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या या उपक्रमात भारत २०१३पासून सहभागी आहे. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबावे किंवा चालावे, दिसलेला प्रत्येक पक्षी मोजावा आणि तारीख, वेळ, ठिकाण यांसह नोंद करावी, एवढेच काम. शिक्षिकेने मुलांना वह्या दिल्या तेव्हा आजोबांनी नातीच्या वहीत रकाने आखून दिले: तारीख, वेळ, जागा, नाव, संख्या, शेरा. पेढीवर रोजमेळ लिहिणाऱ्या हाताला हे शिकवावे लागले नाही. न दिसलेला पक्षी लिहायचा नाही आणि अंदाजाने आकडा वाढवायचा नाही, हेही त्यांनीच बजावले. रोजच्या लहान नोंदी खतावणीत उतरल्या की धंद्याची खरी स्थिती कळते. रानाचेही तसेच आहे.

परतीच्या वाटेवर एका उंबरापाशी सारे थांबले. खोडाला फळांचे घोस लगडले होते. जैन घरातील मुलाला उंबर खाऊ नये एवढे ठाऊक असते. वड, पिंपळ, उंबर यांच्यासह पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांत सांगितलेला आहे. का, असे विचारले तर 'त्यात जीव असतात' असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच संपतो. त्या दिवशी तो तिथून सुरू झाला.

उंबराचे फूल कोणाला दिसत नाही, म्हणून दुर्मीळ गोष्टीला मराठीत उंबराचे फूल म्हणतात. खरे तर ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या आतच शेकडो बारीक फुले मिटलेली असतात. टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून एक अगदी लहान गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच तिचा अंत होतो. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आतल्या आत माद्यांशी मीलन करतात, फळाला भोक पाडून वाट मोकळी करतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात बाहेर पडतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही. उंबर नसेल तर माशीला दुसरे घर नाही. वर्षातून अनेकदा येणारी ही फळे तांबट, कोकीळ, हरियाल, वटवाघळे, खारी अशा अनेकांना जगवतात आणि तेच जीव त्याच्या बिया दूरवर नेतात.

सूक्ष्मदर्शक यंत्र निघण्याच्या कितीतरी शतके आधी ज्यांनी या फळाला त्रस जिवांचे स्थान मानून ते वर्ज्य ठरवले, त्यांनी ते फोडून बारकाईने पाहिलेच असले पाहिजे. जीव एकेंद्रिय ते पंचेंद्रिय असे वर्गवार मांडणारी परंपरा पाहिल्यावाचून उभी राहिलेली नाही. परस्परांना उपकारक होणे हा जिवांचा धर्म, असे तत्त्वार्थसूत्र सांगते. त्याचे उदाहरण त्या उंबराच्या खोडाला लटकत होते. श्रावकाने सोडलेले फळ पक्ष्याच्या मुखी जाते. त्यागाची ही दुसरी बाजू मुलांना कोणीतरी दाखवायला हवी.

सारे डबे उघडून खाकरे वाटू लागले, पण आजोबा उंबराकडेच पाहत होते. ते आपल्या सोसायटीचे अध्यक्ष. आवारातील जुन्या उंबराची फळे मोटारींवर पडतात, माश्या होतात, अशा तक्रारी आल्यामुळे तो तोडण्याच्या परवानगीचा अर्ज तयार झाला होता आणि त्यावर पहिली सही त्यांचीच होती.

घरी येताच ते नातीला घेऊन त्या झाडाखाली गेले. दोघे वीस मिनिटे मान वर करून उभे राहिले. एका वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाएवढे गोल छिद्र होते. थोड्या वेळाने त्यातून लाल कपाळाचे एक डोके बाहेर आले. तांबट वाळक्या फांदीतच घरटे कोरतो, आणि त्याचा विणीचा हंगाम नेमका हाच. नातीने वहीत लिहिले: तांबट, एक, घरटे आहे.

पुढच्या बैठकीत आजोबांनी अर्ज मागे घेण्याचा ठराव मांडला. नागरी भागातील झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही, असा १९७५चा कायदा आहे, आणि वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना धक्का लावणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीच्या व्याख्येत येते, हे त्यांनी सांगितलेच. पण मुख्य मुद्दा वेगळा मांडला: "गच्चीवर ज्वारी टाकून मी पुण्य जमा करीत होतो आणि खाली सही करून एका घराचे छप्पर काढीत होतो. मला ते ठाऊक नव्हते. पण ठाऊक नव्हते म्हणून पाप टळत नाही." दोघे-तिघे नाराज झाले. अखेर तोडगा निघाला. झाड राहील, मोटारींवर येणाऱ्या दोन फांद्या विणीचा हंगाम संपल्यावर, रीतसर परवानगीने छाटल्या जातील, रोज झाडलोट करण्याचा खर्च आजोबा देतील.

दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान आणि मग दया, असा क्रम दिला आहे. जीवदयेसाठी देणग्या देण्यात हा समाज कधी मागे राहिलेला नाही. पांजरपोळ असो वा दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांचे रुग्णालय, त्याची साक्ष जागोजागी आहे. पण जिवाची ओळख देणगीच्या पावतीवर मिळत नाही. त्यासाठी फाल्गुनातील एखादी सकाळ, एक वही आणि घरातले एक लहान मूल पुरे होते. ज्यांना टेकडीपर्यंत जाणे जमत नाही, त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या एका झाडापासून आरंभ करावा. उन्हाळा तोंडावर आहे. गाळलेल्या पाण्याचे एक पसरट भांडे सावलीत ठेवून ते रोज घासून भरावे. दाणे न खाणारे पक्षीही पाण्याला येतात.

त्या सोसायटीच्या उंबरावर सकाळी अजून 'टुक्, टुक्' ऐकू येते. गच्चीवर ज्वारीची मूठ आता लहान झाली आहे आणि शेजारी पाण्याचे परळ आले आहे. आजोबा पेढीवर निघण्यापूर्वी पाच मिनिटे झाडाखाली थांबतात, आणि संध्याकाळी नात विचारते, "आजोबा, आजची नोंद?"