धनी बदलले, भाषा टिकली

नवें साधन हातीं घेतांना ‘हें कोणत्या कंपनीचें?’ असा प्रश्न आपण प्रथम विचारतों. मुलांस संगणकाची भाषा शिकवूं इच्छिणारे पालकही आम्हांस हेंच विचारतात. आमच्या मतें हा प्रश्न दुय्यम होय. फोरट्रान या जुन्या संगणकभाषेची कथा याची साक्ष देईल.

कंपायलर हा एक दुभाषा आहे. माणसानें लिहिलेल्या सूत्रांचें तो यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करितो. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आय. बी. एम. ७०४ या यंत्राकरितां तयार केलेला फोरट्रानचा पहिला कंपायलर १९५७ सालीं ग्राहकांच्या हातीं पडला. पुढें इतर कंपन्यांनींही आपापले कंपायलर काढिले. १९६६ सालीं अमेरिकेंत या भाषेचें सर्वमान्य प्रमाण ठरलें, आणि ती कोणा एकाची मिरास राहिली नाहीं.

आतां धन्यांची फिरती पाहा. घरगुती संगणकांवरील मायक्रोसॉफ्टचा फोरट्रान कंपायलर १९९७ सालीं बंद होऊन त्याची जागा डिजिटल कंपनीच्या कंपायलरनें घेतली. १९९८ सालीं डिजिटल कंपनीच कॉम्पॅकनें विकत घेतली. २००१ सालीं कॉम्पॅकचे कंपायलर रचणारे अभियंते इंटेलकडे गेले, व पुढच्याच वर्षीं कॉम्पॅकही ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली. इंटेलनेंही आपला जुना कंपायलर २०२४ सालीं थांबवून नवा पुढें केला. पाट्या बदलत गेल्या. परंतु विद्या मात्र माणसांबरोबर एका घरांतून दुसऱ्या घरीं गेली.

या फिरतींत कोणाची हानि झाली? ज्यांनीं प्रमाण सोडून एखाद्या कंपनीच्या खास सोयींवर भिस्त ठेविली, त्यांची. डिजिटलच्या वॅक्स यंत्रांवर माहितीचे गट बांधण्याची एक निराळी रीत होती. १९९० च्या प्रमाणानें त्याच कामासाठीं दुसरी रीत ठरविली. जुन्या रीतीचें लेखन आज कांहीं दुसऱ्या कंपायलरांपुढें ठेविलें, तर ते तें एकतर नाकारितात किंवा त्यांस वेगळी सूचना द्यावी लागते. प्रमाणास धरून लिहिलेलें लेखन मात्र पुष्कळसें जसेंच्या तसें चालतें.

कंपन्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. त्यांच्या पैशावांचून हे कंपायलर इतके वेगवान झाले नसते. तथापि २००५ सालापासून जीएनयू संस्थेच्या संग्रहांत जीफोरट्रान हा कंपायलर विनामूल्य मिळतो, हेंही गरीब घरच्या मुलानें ध्यानांत ठेवावें.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, कोणत्या कंपनीचें प्रमाणपत्र मिळेल हें विचारण्यापूर्वीं भाषेचे मूळ नियम शिकविले जातात कीं नाहीं, हें विचारावें. आणि मुलांनो, दुकानाच्या पाटीवर विसंबूं नका. पाटी उतरल्यावरही जें हातीं उरेल तें शिका.